चतुःसीमा

म्हापशाच्या कोर्टामागे, झेरॉक्सच्या दुकानात
एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जमिनी टाइप करते.
उत्तरेस कोमुनिदादची वाट, दक्षिणेस ओहोळ,
पूर्वेस अमक्याचं काजूचं भाट,
पश्चिमेस तमक्या मयताचे वारस.
मजकूर इंग्रजीत असतो, मी मनात मराठीत वाचते,
म्हणजे चूक सापडते.

माझ्या हातातली तेवढी सापडली नाही.

आधी करंगळी गेली. म्हणजे होती जागेवरच,
पण शेजारच्या घराला कुलूप असावं तशी.
मग रात्री तीनला मुंग्या,
हात झटकत मी न्हाणीपाशी उभी,
आणि नवरा झोपेतच विचारायचा, पाणी आलं काय?

बाम लावला. पट्टा बांधला.
हरवळ्याच्या एका बाईकडून तेल आणलं,
त्याच्या वासाने मांजर दोन दिवस घरी आलं नाही.
बाबल वकील म्हणाले, सुलक्षाबाय,
एवढं मुखत्यारपत्र तेवढं करा, मग घ्या विश्रांती.
ते तेवढं सहा वर्षं चाललं.

इस्पितळातली झेल्मा, माझ्या भाचीच्या वयाची.
तिने आधी हाताला हातच लावला नाही.
म्हणाली, बसा, रोज बसता तशा.
मी बसले. निदान मला तसं वाटलं.
जीभ कुठे आहे?
टाळूला चिकटलेली.
श्वास?
आठवेना, मागचा कधी घेतला.
खांदे कानांना काही सांगायला निघालेले
आणि उजवं कोपर टेबलाच्या कडेवर असं दाबलेलं
की सोडलं तर टेबल पळून जाईल.

सरळ बसू? मी विचारलं, बाईंना विचारावं तसं.
नको, ती म्हणाली, ते आणखी एक काम होईल.
आधी नुसतं बघा,
बसल्या बसल्या तुम्ही कुठे कुठे अजून उभ्याच आहात.

नुसतं बघणं मला जमेना.
बघायचे, की लगेच दुरुस्त करायचे,
आठवडाभरात पाठीची पार
खाडाखोडीची प्रत झाली.

मग एका शुक्रवारी,
बाहेर बाजार, सुक्या बांगड्यांचा वास, मिरच्यांची पोती,
खुर्चीमागे गिऱ्हाईक उभं, त्याची किल्ली खुळखुळते,
पूर्व दिशा टाइप करता करता बोटं थांबली.
उत्तरेस माझी टाळू होती.
दक्षिणेस तळवे, चपलेतून सुटून गार लादीवर.
पूर्वेला पश्चिमेला दोन कोपरं,
हवेत, कुणाच्या नावावर नसलेली.
मध्ये केवढी जागा!
आणि मी एकोणीस वर्षं
उजव्या हाताच्या पडवीत
मुंडकारासारखी राहत होते.

गिऱ्हाईक खाकरलं. मी पुढची ओळ घेतली.

चमत्कार वगैरे काही झालेला नाही.
स्क्रीन फेणीच्या खोक्यावर चढवला,
पायाखाली जुन्या गॅझेटांचा गठ्ठा,
कीबोर्ड इतका जवळ की त्याच्यामागे धावावं लागू नये.
दर पानाला एकदा हात मांडीवर ठेवते,
उताणे, कुणी प्रसाद देणार असल्यासारखे.
बाबल वकील विचारतात, प्रार्थना काय?
मी म्हणते, मोजणी.

काही दिवस विसरते. ज्या दिवशी विसरते
त्या दिवशी कोपर आठवण करून देतं, पूर्वीपेक्षा लवकर,
आणि पूर्वीपेक्षा हळू आवाजात.
करंगळी परतली, पण सगळी नाही,
टोकाच्या तुकड्याचा वाद अजून चालू आहे.

रात्री तीनला सवयीने जाग येते.
मुंग्या नसतात. मी तशीच पडून हात शोधते,
तो माझ्याच कुशीत, मुडपलेला नाही, ऊबदार.
पाणी आलं काय, नवरा विचारतो.
आलं, मी म्हणते. झोप.
उद्या हणजुण्याची दोन खतं आहेत,
वारस अकरा, आणि सगळे वेगवेगळ्या देशांत.